रणांगणावरचं वैद्यक: जखमी टेबलापर्यंत पोचतो कसा?

कोयनाकाठ

डिसेंबर 1915. मेसोपोटेमियातलं बसरा बंदर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले मेजर कार्टर 'वरेला' या इस्पितळ-जहाजाचे प्रमुख होते. तैग्रिसवरून 'मेजिदिया' नावाची आगबोट जखमींना घेऊन येताना त्यांना दिसली. तीनशे यार्डांवरून पाहताना बोटीच्या कडेनं सगळीकडे दोर लोंबताहेत असं त्यांना वाटलं. बोट जवळ आली, आधी वास पोचला आणि मग कळलं की ते दोर नाहीत, वाळलेली विष्ठा आहे. डेकवर जखमी इतके खच्चून भरले होते की कुणाला कडेपर्यंत सरकताही येत नव्हतं. तेरा दिवस आणि तेरा रात्री ही माणसं त्याच अवस्थेत नदीवर होती. मोडलेल्या हाडांना व्हिस्कीच्या खोक्यांच्या फळ्या बांधलेल्या होत्या.

कार्टरांनी हे सगळं मेसोपोटेमिया आयोगापुढे साक्षीत सांगितलं. आयोगाचा अहवाल 1917 मध्ये आला, त्यात ही साक्ष छापलेली आहे.

आता हे जखमी कोण होते ते सांगतो, कारण धागा काढायचं खरं कारण तेच आहे. 22 नोव्हेंबर 1915 रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांशी लढाई झाली. लढत होती सहावी (पूना) डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेड, आणि प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक मराठा पलटण: 103, 110 आणि 117. साताऱ्याकडची, कोकणातली, कोल्हापूरकडची पोरं. जखमींचा आकडा साडेतीन हजारांच्या वर गेला. इतक्यांची सोय नव्हतीच. चाकांची एकही रुग्णगाडी डिव्हिजनकडे नव्हती. माल वाहणाऱ्या, स्प्रिंग नसलेल्या खेचरांच्या गाड्या होत्या, त्यातच माणसं घातली. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला अशा गाडीतून खाचखळग्यांच्या वाळवंटातून कित्येक मैल नदीपर्यंत नेलं. काही जण गाडीतून उतरून रांगत निघाले, कारण रांगणं कमी दुखत होतं. तिथून पुढे बोट, आणि बोटीवर काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आणि सरसेनापती निक्सन यांची तार काय गेली? जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली, वैद्यकीय बंदोबस्त अडचणीतही उत्तम चालला. कार्टरांनी आवाज उठवला तर वरिष्ठांनी त्यांनाच लुडबुड्या ठरवलं आणि अटकेची धमकी दिली. अहवाल बाहेर आल्यावर मात्र लंडनमध्ये भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

माझं म्हणणं हे की युद्धातल्या वैद्यकाचा इतिहास आपण सर्जन, औषधं, शोध यांच्या अंगानं वाचतो, आणि तो वाचायला हवा वाहतुकीच्या अंगानं. गोळी लागल्यापासून हात चालवणारा माणूस मिळेपर्यंत किती वेळ जातो आणि त्या वेळात कोण काय करतं, यावर बहुतेकांचं जगणं-मरणं ठरतं. टेसिफॉनला डॉक्टर नव्हते असं नाही. चांगले डॉक्टर होते. गाड्या नव्हत्या.

हे सगळ्यात आधी ज्याला नीट कळलं तो नेपोलियनचा सर्जन डॉमिनिक लॅरे. 1792 मध्ये ऱ्हाइनच्या सैन्यात असताना त्यानं पाहिलं की जखमींना लढाई संपेपर्यंत जिथल्या तिथे पडू देतात, आणि इस्पितळ असतं कोसभर मागे. घोड्यांच्या तोफा मात्र वाऱ्यासारख्या इकडून तिकडे जातात. मग जखमींना तशी गाडी का नको? त्यानं हलक्या, स्प्रिंगवर बसवलेल्या दोनचाकी गाड्या करून घेतल्या आणि लढाई चालू असतानाच जखमी उचलायला सुरुवात केली. दुसरी गोष्ट त्याहून मोठी: हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची. ज्याची जखम गंभीर तो आधी, मग तो शिपाई असो की जनरल. शत्रूचा असला तरी तेच. बोरोदिनोला 1812 मध्ये त्यानं एका दिवसात सुमारे दोनशे अवयव कापले. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्या काळी चेंदामेंदा झालेला पाय दोन दिवस तसाच ठेवला तर माणूस सडून मरणार हे नक्की. पहिल्या काही तासांत कापला तर निदान आशा.

वॉटर्लूनंतर प्रशियनांनी लॅरेला पकडलं आणि गोळ्या घालायचं ठरवलं. त्यांच्यातल्या एका सर्जननं त्याला ओळखलं. सेनापती ब्ल्यूखरच्या मुलावर लॅरेनं पूर्वी उपचार केले होते. तो सुटला.

तुम्हाला काय वाटतं? विषय मोठा आहे, ज्याला जे ठाऊक आहे त्यानं ते घालावं. सैन्यात राहून आलेल्यांनी तर नक्की लिहा.

इतिहासवेडी

धागा फार आवडला, वाचनखूण साठवली. पण मुख्य मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही.

पोचवणं महत्त्वाचं, मान्य. पण कुठे पोचवता? क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिशांनी जखमींना काळ्या समुद्रापलीकडे स्कुटारीच्या (आजच्या इस्तंबूलचा भाग) बराकींतल्या इस्पितळात पोचवलं. ती माणसं तिथे पोचून मेली. इमारतीखाली तुंबलेली गटारं, हवा खेळत नाही, एकाला लागून एक गाद्या. त्या युद्धात ब्रिटिश सैन्यात लढाईत ठार झाले 2,755, जखमांनी मेले 2,019, आणि रोगांनी मेले 16,323. पटकी, हगवण, टायफस. नाइटिंगेलबाई नोव्हेंबर 1854 मध्ये पोचल्या, आणि मृत्यूचं प्रमाण खऱ्या अर्थानं उतरलं ते मार्च 1855 मध्ये स्वच्छता आयोगानं गटारं साफ करून घेतल्यावर. म्हणजे त्या युद्धात सगळ्यात जास्त जीव वाचवले ते गटार साफ करणाऱ्यांनी, असं मी तरी म्हणेन.

समोरच्या बाजूला, सेवास्तोपोलच्या वेढ्यात रशियन सर्जन पिरोगोव काम करत होते. त्यांनी त्याआधी 1847 मध्ये कॉकेशसच्या मोहिमेत थेट रणभूमीवर इथर वापरलं होतं. सेवास्तोपोलला त्यांनी हाडांना प्लास्टर घातलं, म्हणजे जे पाय सरसकट कापले जायचे त्यातले बरेच वाचले. आणि आलेल्या जखमींचे दारातच गट पाडले: जे वाचणारच नाहीत ते वेगळे, तातडीचे वेगळे, थांबू शकणारे वेगळे. आज कुठल्याही मोठ्या अपघातात कॅज्युअल्टीच्या दारात हेच करतात.

त्यामुळे वाट आणि मुक्काम, दोन्ही धरा. एकट्या वाटेला श्रेय नको.

पक्कड

सर्जन आहे, सैन्यातला नाही, पण रोज अपघात पाहतो. दोघांचंही बरोबर आहे आणि एकाच उदाहरणात दोन्ही दाखवता येतं: टॉमस स्प्लिंट.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला पश्चिम आघाडीवर मांडीचं हाड गोळीनं फुटलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास मरत. मांडीच्या हाडाभोवती मोठे स्नायू असतात. हाड तुटलं की ते आकसतात, तुटलेली टोकं एकमेकांवर चढतात, आत मांस फाडत राहतात, आणि मांडीत दीड-दोन लिटर रक्त सहज साठतं. बाहेर थेंबही दिसत नाही. अशा माणसाला नुसतं स्ट्रेचरवर टाकून हलवलं तर प्रत्येक धक्क्याला तो थोडा थोडा मरतो. टेसिफॉनच्या त्या गाड्यांबद्दल वाचताना मला हेच दिसत होतं.

ह्यू ओवेन टॉमस हे लिव्हरपूलचे हाडवैद्य. त्यांनी एकोणिसाव्या शतकातच एक साधी गोष्ट केली होती: जांघेत बसणारी चामडी कडी, तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी सळया, आणि खाली पाय ओढून बांधायची सोय. पाय ताणला की टोकं सुटतात, रक्त थांबतं, वेदना कमी होतात. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती महायुद्धात नेली. ती बेस इस्पितळात होती तोवर फारसा उपयोग झाला नाही, कारण माणूस तिथवर पोचतच नव्हता. मग स्ट्रेचर उचलणाऱ्यांनाच ती घालायला शिकवली. अंधारात, खंदकात घालता यावी म्हणून डोळे बांधून सराव करून घेतला. बुटावरून, पँटवरूनच घालायची. 1917 मध्ये आरासच्या लढाईपर्यंत मृत्यूचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आलं.

अवजार तेच, घालणारा माणूस बदलला. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात मोलाचं उदाहरण.

जखमेबद्दलही थोडं. फ्लँडर्सची माती शेणखत घातलेली, म्हणजे धनुर्वात आणि गॅस गँगरीनचं माहेरघर. सुरुवातीला सर्जन जखमेत जंतुनाशक ओतून शिवून टाकत. अलेक्झांडर फ्लेमिंग (हो, पुढे पेनिसिलिनवाले) तेव्हा बुलोनच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी दाखवलं की खोल, वेड्यावाकड्या जखमेत जंतुनाशक कानाकोपऱ्यात पोचत नाही आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी मात्र मारतं. मग धडा पक्का झाला: मेलेलं मांस कापून काढा, जखम उघडी ठेवा, काही दिवसांनी शिवा. आजही गोळीची जखम पहिल्या दिवशी शिवत नाहीत. नवख्या डॉक्टरला ती शिवायचा मोह होतो, त्याला थांबवावं लागतं.

आणि रक्त. सोडियम सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही हे 1914-15 मध्ये कळलं. ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरनं 1917 मध्ये दारूगोळ्याच्या खोक्यांची बर्फपेटी करून बाटलीबंद रक्त आघाडीजवळ साठवलं. रक्तपेढीची सुरुवात तिथली.

माजी_एनए

आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता पेन्शनवर गावी. कोयनाकाठ, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो.

आपल्याकडे साखळी अशी असते. जवानाच्या अंगावर फील्ड ड्रेसिंग असतंच. लागलं की पहिला हात शेजारच्या जोडीदाराचा. पलटणीत लढणाऱ्या जवानांमधूनच काहींना बॅटलफिल्ड नर्सिंग असिस्टंटचं शिक्षण देतात. तो डॉक्टर नाही, बंदूकच चालवतो, पण रक्त थांबवणं, श्वासाची वाट मोकळी करणं, हाड बांधणं त्याला येतं. तिथून आरएपी, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरसाहेबांची जागा. मग फील्ड अँब्युलन्सचं (ही गाडी नव्हे, वैद्यकीय तुकडी) एडीएस, म्हणजे पुढचं मलमपट्टी केंद्र, मग सर्जिकल सेंटर, मग बेस हॉस्पिटल, कमांड हॉस्पिटल. हात-पाय गेलेल्यांना पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र, ते 1944 पासून आहे. कण्याला लागलेल्यांना खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र.

उंचावर शत्रू दुसऱ्या नंबरवर असतो. ग्लेशियरवर गोळीपेक्षा थंडीनं आणि विरळ हवेनं माणसं जास्त जातात. फुप्फुसात पाणी भरतं, त्याला आम्ही हॅपो म्हणतो. रात्री नुसता खोकला असतो, पहाटे ओठ निळे. इलाज एकच, खाली आणा. हेलिकॉप्टर आलं तर जीव वाचला, ढग असले तर रात्र काढायची. हवा भरायची मोठी पिशवी असते, माणसाला आत घालून पायपंपानं दाब वाढवायचा. पंप मारणारा थकला की दुसरा. पंप थांबवायचा नाही.

सलाइनची बाटली बाहेर ठेवली तर गोठते. ती आपल्या कोटाच्या आत, अंगाला लावून ठेवायची. इंजेक्शनचे ॲम्प्यूल काखेत. नस सापडत नाही, कारण थंडीनं सगळ्या नसा आत गेलेल्या असतात आणि आपली बोटं पण आपली राहिलेली नसतात. हे पुस्तकात शिकवून येत नाही. मी सीनियरकडून शिकलो आणि पुढच्या पोरांना शिकवलं.

हॅपोबद्दल एक सांगायलाच हवं. 1962 च्या युद्धात आपले जवान मैदानातून थेट उंचावर नेले आणि ते पटापट आजारी पडले. तेव्हा सैन्यातल्याच डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याचा सखोल अभ्यास केला. त्यांचे निबंध 1965 मध्ये ब्रिटनच्या 'लॅन्सेट'मध्ये आणि 1969 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभर वाचले गेले. आज एव्हरेस्टला जाणारे लोक जो विश्रांती घेत चढायचा नियम पाळतात, त्यामागच्या माहितीत आपल्या जवानांचा मोठा वाटा आहे.

शामली

माजी_एनए, नमस्कार तुम्हाला. पंप थांबवायचा नाही हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

एक शंका. आम्हाला एनसीसीत प्रथमोपचार शिकवताना टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, शेवटचा उपाय म्हणून सांगितला होता. हात-पाय जातो म्हणायचे, आणि बांधलाच तर दर थोड्या वेळानं सैल करा. आता सगळीकडे उलट वाचते. नक्की काय?

पक्कड

शामली, तुमचं शिक्षण त्या काळाप्रमाणे बरोबर होतं. मत बदललं ते युद्धांमुळेच.

व्हिएतनामनंतरच्या अभ्यासात दिसलं की हातापायातून रक्त जाऊन अनेक जण मेले, आणि त्यांना नुसत्या पट्ट्यानं वाचवता आलं असतं. 1996 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी लढाई चालू असतानाच्या उपचारांचे वेगळे नियम मांडले. त्यात रक्तस्राव पहिल्या नंबरवर आला, श्वासाच्याही आधी. 2001 ते 2011 या काळातल्या 4,596 अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास आहे. त्यातले सुमारे 87 टक्के इस्पितळात पोचण्याआधीच गेले. त्यातल्या जवळपास चौथाई लोकांना वाचवता येण्याजोगं होतं, आणि या वाचू शकणाऱ्यांपैकी दहातले नऊ रक्तस्रावानं गेले. कोयनाकाठ, तुमच्या मुद्द्याला याहून भक्कम पुरावा मला तरी माहीत नाही.

त्याच सैन्यातल्या रेंजर रेजिमेंटनं प्रत्येक माणसाला, स्वयंपाक्यापासून अधिकाऱ्यापर्यंत, हे शिकवलं. त्यांच्या 32 मृत्यूंपैकी आघाडीवरच्या उपचारांत कमी पडल्यामुळे झालेला एकही नव्हता.

बांधायचं कसं: जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळायचं. दुखतं, खूप दुखतं. माणूस ओरडतो म्हणून सैल करायचं नाही. वेळ लिहायची, कागद नसेल तर कपाळावर. मधेमधे सैल करायचं नाही, कारण प्रत्येक वेळी उरलंसुरलं रक्त जातं. दोन तासांच्या आत सर्जनकडे पोचला तर अवयव जाण्याची भीती फार थोडी. हे फक्त हातापायातून धो-धो वाहणाऱ्या रक्तासाठी. साध्या कापण्याला दाबून धरणं पुरतं. आणि साप चावल्यावर पट्टा आवळू नका, तिथे नुकसानच होतं.

जांघेत, काखेत पट्टा बसत नाही. तिथे स्वच्छ कापड किंवा गॉज जखमेत बोटानं खोल कोंबायचं आणि अंगाचा भार टाकून दाबून ठेवायचं. उचलून बघायचं नाही.

आणि माणसाला पांघरूण घाला. पुण्यातल्या मे महिन्यातही घाला. रक्त गेलेला माणूस गार पडतो, गार पडला की रक्त गोठत नाही, गोठलं नाही की आणखी जातं.

ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध पाळीत जास्त रक्त जातं त्यासाठी बऱ्याच जणींच्या परिचयाचं असेल. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीनं ते 1962 मध्ये शोधलं. 2010 मध्ये वीस हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत दिसलं की जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी होतात. भारतातली इस्पितळंही त्या चाचणीत होती. स्वस्त आहे, आणि आता लष्करी उपचारात पक्कं बसलं आहे. तीन तासांनंतर मात्र त्याचा अपाय होऊ शकतो. इथेही घड्याळच.

ओसरी

या विषयात पुण्याची एक जुनी गोष्ट यायलाच हवी.

टिपूशी झालेल्या 1792 च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर कावसजी नावाचा बैलगाडीवान होता. त्या काळच्या बातमीत त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलं आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीतल्या माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली.

रीत अशी: मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेनं रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मधे देठासारखी चिकटलेली राहू द्यायची म्हणजे रक्त चालू राहतं. ती फिरवून खाली आणून बसवायची. चिकटवायला काय, तर पाण्यात भिजवलेला कात, कापडाच्या पट्ट्यांना लावून. आपल्या विड्यातला कात! सुमारे पंचवीस दिवसांनी मधला देठ कापायचा.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह ही हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांवर सिडकपच्या इस्पितळात हॅरॉल्ड गिलीज यांनी जे काम केलं, त्यातही कातडीचा रक्त चालू असलेला देठ ठेवूनच भरणी केली आहे. त्या पुण्याच्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. क्रूसोंचं राहिलं, फिंडलेंचं राहिलं, ज्याचा हात चालला त्याचं नाही.

इतिहासवेडी

ओसरी, छान लिहिलंत. सुश्रुतात कपाळाऐवजी गालाची कातडी घेतली आहे, पण देठ ठेवायचं तत्त्व तेच. सुश्रुत संहितेच्या सूत्रस्थानात 'युक्तसेनीय' नावाचा अख्खा अध्याय सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्यावर आहे. छावणीत वैद्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा, आणि ध्वजासारखा दुरून दिसावा, म्हणजे विष, बाण आणि रोग यांनी पीडलेल्यांना तिथे येता येईल. शत्रू वाट, पाणी, सावली, अन्न, चारा आणि सरपण यांत विष घालतो, ते वैद्यानं ओळखून शुद्ध करावं. याच ग्रंथात शरीरात रुतलेलं बाणाचं टोक कसं शोधायचं आणि कसं काढायचं यावर दोन स्वतंत्र अध्याय आहेत.

कोयनाकाठ, इथे मात्र जखमीनं तंबूकडे यायचं आहे. तुमचा लॅरे जखमीकडे गेला. हा फरक तुम्ही दाखवलात म्हणून माझ्या लक्षात आला.

सोलापूरकर

जखमीकडे जाण्याचा विषय निघालाय आणि डॉ. कोटणीसांचं नाव अजून आलं नाही? आमच्या गावचे आहेत म्हणून नाही, या धाग्याच्या मुद्द्यात ते अगदी मधोमध बसतात.

द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, 1910. मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसनं 1938 मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. चोळकर नागपूरचे. त्याच आघाडीवर त्यांच्याआधी कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून पोचले होते. बेथ्यून यांनी स्पेनच्या यादवी युद्धात गाडीतून रक्त घेऊन थेट आघाडीवर रक्त चढवायची व्यवस्था उभी केली होती. चीनमध्ये त्यांनी सूत्रच केलं: डॉक्टरांनी जखमींकडे जावं, ते येतील म्हणून वाट पाहू नये. एप्रिल 1939 मधल्या एका लढाईत त्यांनी 69 तासांत 115 शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी हातमोज्यांशिवाय शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष भिनलं आणि नोव्हेंबरमध्ये ते गेले.

कोटणीस त्याच डोंगराळ मुलखात गेले. पक्कं इस्पितळ असं नाहीच. जपानी आले की सामान खेचरांवर लादायचं आणि पुढच्या गावात देवळात किंवा शेतकऱ्याच्या घरात टेबल मांडायचं. 1940 मध्ये एका लढाईच्या वेळी ते सलग 72 तास न झोपता शस्त्रक्रिया करत होते. जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषेत शिकवत. तिथल्याच परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. 9 डिसेंबर 1942 ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय 32.

पथकातले बाकीचे परतले, त्यांनाही परतता आलं असतं.

कोयनाकाठ

सोलापूरकर, मनापासून धन्यवाद. इतिहासवेडी, गटारांचा मुद्दा पटला. मुक्काम नीट नसेल तर वाट व्यर्थ आहे, खरंच.

उचलणाऱ्यांबद्दल आता लिहितो, कारण त्यांच्यावर फारच कमी लिहिलं जातं. भारतीय सैन्यात जखमी उचलायला डोलीवाले, कहार, भोई असत. हत्यार नाही, पगार कमी, आणि जायचं मात्र गोळ्यांच्या पावसात. बोअर युद्धात 1899-1900 मध्ये गांधीजींनी नाताळमध्ये सुमारे 1,100 भारतीयांचं पथक उभारलं, त्यातले बहुतेक गिरमिटिया मजूर होते. स्पायन कॉपच्या लढाईच्या वेळी जखमींना खांद्यावर घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालले.

टेसिफॉनहून मागे हटून तैग्रिसकाठच्या कूट गावात वेढ्यात अडकलेल्या पूना डिव्हिजनला सोडवायला जानेवारी 1916 मध्ये जे सैन्य निघालं, त्यात डोग्रा पलटणीचे लान्सनायक लाला होते. त्यांनी एका अधिकाऱ्याला ओढत एका तात्पुरत्या आडोशाला आणलं, तिथे आधीच चार जखमींना पट्ट्या बांधल्या होत्या. मग दुसऱ्याची हाक ऐकून पुन्हा रांगत गेले. तो थंडीनं काकडत होता तर स्वतःचे कपडे काढून त्याच्या अंगावर घातले आणि अंधार पडेपर्यंत जवळ पडून राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि आपले नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. मराठा पलटणीचे निरोप्या. नदी ओलांडताना बरोबरचे बहुतेक पडले. एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेलं. परत आले आणि दुसऱ्याला नेलं. त्यानंतर एकट्यानं मशीनगनचे तीन मोर्चे मोडले. त्यांच्या पराक्रमाची गोष्ट सांगताना लोक मोर्च्यांपासून सुरुवात करतात. मी त्या दोन फेऱ्यांपासून करतो.

शामली

आमच्या घरात आजेसासऱ्यांच्या वडिलांबद्दल 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच सांगतात. पलटण मराठा होती, गाव साताऱ्याकडचं. कोयनाकाठ, कुठे शोधता येईल का? बसऱ्याला स्मारक आहे असं ऐकलंय.

कोयनाकाठ

शामली, स्मारक आहे. चाळीस हजारांहून जास्त माणसं त्यावर स्मरणात धरली आहेत. पण भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांची पलटणवार फक्त संख्या. यावर 2021 मध्ये कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्याच चौकशी समितीनं टीका केली आहे.

तरी नोंदी आहेत. आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. नुसत्या नावानं शोधू नका, तिथे आडनाव बहुतेक वेळा नसतंच, वडिलांचं नाव आणि गाव असतं. 'बसरा स्मारक' निवडा, मग पलटण: 103, 105, 110, 114, 116, 117, एकेक घालून पाहा. तारखेत नोव्हेंबर 1915 ते 1918 धरा, कारण कूट पडल्यावर (29 एप्रिल 1916) कैदेत गेलेले पुष्कळ जण वाटेत आणि छावण्यांत नंतर वारले. इंग्रजीत गावाचं स्पेलिंग कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा चार-पाच प्रकारे करून पाहा. घरात पितळी बिल्ला असेल, मोठ्या नाण्याएवढं पदक असेल, तर त्याच्या कडेवर भिंगानं पाहा. शिपाई नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर मिळाला की बरंचसं काम झालं. गावातल्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून महायुद्धात इतके गेले' अशी दगडी पाटी आहे का तेही पाहा.

गावाचं आणि त्यांचं नाव मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, आपण दोघं मिळून शोधू.

माजी_एनए

शामलीताई, पदक सापडलं तर ब्रासोनं घासू नका. कडेची अक्षरं झिजतात. कोमट पाणी आणि मऊ फडकं, बास.